लंडन उघडायला पंधरा मिनिटं: तयार प्लॅन विकणारे खातं कसं रिकामं करतात

फॉरेक्सचं, म्हणजे चलनांच्या खरेदी-विक्रीचं, लंडन सेशन उघडायला पंधरा मिनिटं उरलेली असतात आणि तयार प्लॅन देणाऱ्या ग्रुपवर मेसेज येतो: "पाउंड-डॉलर. १.२७४० च्या वर बाय, १.२७०५ च्या खाली सेल. टार्गेट ४० पिप. लॉट ०.५०. लगेच ऑर्डर लावा." (पिप म्हणजे भावातला ०.०००१ चा फरक, लॉट म्हणजे सौद्याचा आकार.) चार्ट उघडावा, रात्रीचा हाय-लो तपासावा, लॉटचा हिशोब करावा, एवढी उसंत त्या मेसेजने मुद्दामच ठेवलेली नसते. ज्याचा स्वतःचा प्लॅन त्या घडीला कागदावर नसतो, तो हमखास या गळाला लागतो.

मेसेज पुन्हा वाचा. त्यात स्टॉप लॉस, म्हणजे ठरावीक भावाला तोटा थांबवणारी ऑर्डर, कुठेच नाही. आणि दोन्ही दिशा दिलेल्या आहेत, म्हणजे बाजार कुठेही गेला तरी "सांगितलं होतं" म्हणायला वाट मोकळी.

आता सकाळ कशी जाते ते पाहा. आशियातल्या बाजारांच्या वेळेची, म्हणजे एशियन सेशनची रेंज (हाय आणि लोमधलं अंतर) ३५ पिपची, म्हणजे अरुंद. बीआयएस (बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स) या मध्यवर्ती बँकांच्या संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या पाहणीनुसार जगात फॉरेक्सची रोजची उलाढाल ७.५ ट्रिलियन डॉलर होती आणि तिच्यातला सुमारे ३८ टक्के वाटा युनायटेड किंगडममधून होत होता. एवढा पैसा टेबलावर येतो तेव्हा अरुंद रेंजची दोन्ही टोकं झाडून निघणं नेहमीचंच. लंडनच्या ८ वाजून ४ मिनिटांनी भाव १.२७४६ ला जातो, बाय लागतो. अर्ध्या तासात १.२७०२, सेलही लागतो. मग भाव घसरत १.२६६५ पर्यंत येतो. ग्रुपवर हिरवी खूण झळकते: "सेल ४० पिप, टार्गेट पूर्ण!" ०.५० लॉटला एक पिप म्हणजे ५ डॉलर, तेव्हा सेलमध्ये २०० डॉलर आले हे खरं. पण १.२७४० चा बाय स्टॉपशिवाय तसाच उघडा आहे, ७५ पिप खाली. म्हणजे ३७५ डॉलर तोटा. ज्या दिवशी ग्रुपने ४० पिप फायदा जाहीर केला, त्याच दिवशी मेसेज तंतोतंत पाळणारं खातं १७५ डॉलर मागे आहे, स्प्रेड (खरेदी आणि विक्रीच्या भावातला फरक) वेगळाच. "बायचं काय करू?" असं विचारलं की उत्तर येतं, "होल्ड करा, न्यूयॉर्कमध्ये वर येईल." दुपारी सांगतात, "आणखी ०.५० ॲड करा, सरासरी खाली येईल." खातं इथेच जातं. सकाळच्या चुकीतून सावरता येतं. दुपारी दुप्पट केलेल्या चुकीतून बहुधा नाही.

०.५० हा आकडा येतो कुठून, हे समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं. असे ग्रुप बरेचदा एका ठरावीक ब्रोकरकडेच खातं उघडायला लावतात, कारण त्यांना प्रत्येक लॉटमागे कमिशन मिळतं. समजा त्या ब्रोकरने १ पिपचा स्प्रेड १.८ केला आणि वरचा ०.८ पिप ग्रुप चालवणाऱ्याला दिला. एका पूर्ण लॉटला एक पिप १० डॉलरचा, म्हणून लॉटमागे ८ डॉलर. दिवसाला ०.५० चे तीन ट्रेड आणि महिन्याला वीस दिवस धरले तर ३० लॉट होतात, म्हणजे एका सभासदामागे २४० डॉलर. खात्यात २,००० डॉलर असतील तर भाव वर जावो की खाली, महिन्याला १२ टक्के असेच झिरपतात. काही ठिकाणी व्यवहार याहून वाईट असतो: सभासदाचा तोटाच ब्रोकरचा नफा आणि त्यातला हिस्सा ग्रुपला. अशा व्यवस्थेत तुमचा ट्रेड चुकावा यातच प्लॅन देणाऱ्याचा फायदा असतो. म्हणून त्याला थेट विचारा: "तुमचा प्लॅन मी माझ्या आधीच्या ब्रोकरकडे वापरला तर चालेल का?" "नाही" आलं, किंवा नुसतीच टाळाटाळ झाली, तर तिथून निघा.

"पण त्यांचे आधीचे पाच अंदाज बरोबर आले होते" हे फसलेल्या बहुतेकांच्या तोंडून ऐकायला मिळतं. त्यामागे सरळ भागाकार असू शकतो. १,६०० जणांची यादी घ्यायची. ८०० जणांना बाय सांगायचा, ८०० जणांना सेल. ज्यांचं चुकलं त्यांना सोडून द्यायचं आणि उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग करायचे. पाच फेऱ्यांनंतर ५० माणसं अशी उरतात ज्यांनी ओळीने पाच अचूक अंदाज स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत. महागडी फी त्यांच्याकडेच मागितली जाते, आणि ती देतातही, कारण त्यांच्यापुरतं जे दिसलं ते खरंच असतं.

स्टेटमेंट दाखवलं जातं तेव्हा एक जागा नक्की तपासा: वेळ. बऱ्याच ब्रोकरांचा सर्व्हर हिवाळ्यात जीएमटीच्या दोन तास पुढे आणि अमेरिकी उन्हाळी वेळेत तीन तास पुढे असतो, म्हणजे दिवसाची कँडल (त्या वेळातले भाव दाखवणारी चार्टवरची पट्टी) न्यूयॉर्कच्या संध्याकाळी ५ ला बंद होते. अशा चार्टवर लंडनचे सकाळचे ८ वर्षातला बहुतेक काळ १० वाजता दिसतात. पण अमेरिका घड्याळ बदलते मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी. त्या मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन उघडतं ते चार्टवरच्या ११ ला. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार, या आठवड्यातही तसंच. बनावट स्टेटमेंट करणाऱ्याला हे बहुधा ठाऊक नसतं. त्याच्याकडे मार्चच्या मधल्या आठवड्यातली "लंडन ओपन एन्ट्री" नेहमीसारखी १० वाजताच पडलेली असते. हाच घोळ प्रामाणिक माणसाच्या रोबोटमध्येही (आपोआप ट्रेड करणाऱ्या प्रोग्राममध्ये) होऊ शकतो, तेव्हा एवढ्यावरून आरोप करू नका, पण प्रश्न जरूर विचारा. स्क्रीनशॉटवर तर विसंबूच नका, त्यातले आकडे मिनिटभरात बदलतात. फक्त पाहण्यापुरता असतो तो इन्व्हेस्टर पासवर्ड मागा आणि सर्व्हरच्या नावात "डेमो", म्हणजे खोट्या पैशांचं सरावाचं खातं, असं आहे का ते बघा. आणि "आम्ही तुमचं खातं चालवतो" म्हणून कोणी तुमचा मुख्य पासवर्ड मागितला, तर तो कधीही देऊ नका.

या सगळ्याला तोंड देता येतं ते वीस मिनिटांत तयार होणाऱ्या स्वतःच्या कागदामुळे. लंडनसाठी तो तिथल्या स्थानिक वेळेनुसार ७ नंतर लिहायला घ्यावा, कारण ब्रिटनची महागाई, जीडीपी अशी महत्त्वाची आकडेवारी ७ वाजता येते. ती येऊन गेलेली असली की रेंज खरी दिसते. कालचा हाय-लो आणि एशियन सेशनचा हाय-लो असे चार भाव लिहा. दिवसाच्या बातम्या वेळेसकट लिहा. अमेरिकेची रोजगार आणि महागाईची आकडेवारी न्यूयॉर्कच्या सकाळी ८.३० ला येते, तिच्या आसपास नवी ऑर्डर नको. मग दिशा एकच, आणि ती का, हे एका ओळीत. त्याखाली कुठल्या भावाला आपलं म्हणणं चुकीचं ठरेल ते लिहा, तोच स्टॉप. लॉट सगळ्यात शेवटी आणि भागाकारानेच काढायचा: २,००० डॉलरच्या एक टक्का म्हणजे २०, स्टॉप २५ पिप, तेव्हा पिपमागे ८० सेंट, म्हणजे ०.०८ लॉट. ग्रुपने सांगितलेला ०.५० याच्या सहापट भरतो. तेवढ्याच स्टॉपला तो १२५ डॉलर घालवतो आणि ओळीने चार चुकले की खात्याचा पाव हिस्सा संपतो. किती वाजेपर्यंत एन्ट्री मिळाली नाही तर ऑर्डर रद्द करायची, हेही लिहा. नाहीतर सकाळच्या कारणाने लावलेली ऑर्डर दुपारी भलत्याच कारणाने लागते.

हा कागद हाताशी ठेवून ग्रुपचा मेसेज आल्या क्षणी वहीत वेळेसकट उतरवून घ्या, कारण तो नंतर बदलता येतो, पुसताही येतो. दहा सेशन असे उतरवा, एकही डॉलर न लावता. दोन्ही दिशांच्या एन्ट्री मोजा, स्प्रेड वजा करा, न बंद केलेले ट्रेड दिवसअखेरच्या भावाने धरा. एवढ्यावर सहसा चित्र स्पष्ट होतं.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगावीशी वाटते: प्रत्येक तोटा ही लबाडी नसते, आणि चुकीच्या जागी आरडाओरडा केला की खरी तक्रारही हलकी होते. "भाव माझ्या स्टॉपला लागलाच नाही तरी ट्रेड कापला" ही नेहमीची तक्रार. चार्ट सहसा बिड भाव (ज्याला आपण विकू शकतो तो) दाखवतो, पण सेलचा स्टॉप आस्क भावावर (ज्याला आपण विकत घेऊ शकतो त्यावर) लागतो. न्यूयॉर्कच्या संध्याकाळी ५ च्या सुमारास, दिवस बदलताना, स्प्रेड एकदम रुंद होतो आणि न दिसणारा आस्क स्टॉपला शिवून जातो. चार्टवर आस्कची रेघ चालू करा म्हणजे दिसेल. तसंच स्टॉपवर ठरलेलाच भाव मिळेल ही हमी सहसा नसते. १५ जानेवारी २०१५ ला स्विस मध्यवर्ती बँकेने युरोमागे १.२० फ्रँकची मर्यादा अचानक सोडली, तेव्हा अनेकांचे स्टॉप फार दूरच्या भावाला लागले आणि खाती उणेत गेली. म्हणून "आमच्या प्लॅनमध्ये रिस्क शून्य" असं म्हणणारा एक तर अजाण आहे किंवा खोटं बोलतोय.

लबाडीचा संशय कधी घ्यावा? त्याच मिनिटाची कँडल आणखी दोन ब्रोकरांकडे बघा. फॉरेक्सला एकच केंद्रीय बाजार नसल्यामुळे एक-दोन पिपचा फरक चालतो. पण शांत वेळी फक्त तुमच्याकडेच १५ पिपची वात (कँडलच्या टोकाची बारीक रेघ) असेल आणि ती नेमकी स्टॉपला टेकून परतली असेल, तर ऑर्डर नंबर, ट्रेडिंग प्रोग्रामच्या जर्नलमधली नोंद आणि तिन्ही चार्ट त्याच दिवशी जपून ठेवा.

शेवटचा टप्पा सगळ्यात क्रूर. जिथे ब्रोकरच बनावट असतो, तिथे स्क्रीनवरचा नफा नुसता टाइप केलेला असतो. सुरुवातीला २०० डॉलर भरले की ५० डॉलर विनातक्रार परत मिळतात. तेवढ्या भरवशावर माणूस बचत ओततो. मोठी रक्कम काढायला गेलं की "आधी १५ टक्के कर भरा", मग "खातं पडताळणी शुल्क", मग आणखी काही. शिल्लक असताना रास्त शुल्क शिल्लकीतूनच वजा होतं. स्वतःचे पैसे काढण्यासाठी नवे पैसे मागितले गेले की समजा, पुढचा प्रत्येक डॉलरही जाणार. हे ब्रोकर परवानाधारक कंपनीचं नाव आणि नोंदणी क्रमांकही उचलतात. म्हणून नियामकाच्या नोंदवहीत नुसता क्रमांक जुळवून भागत नाही. तिथे दिलेला वेबसाइटचा पत्ता अक्षरन् अक्षर जुळवा आणि फोन तिथल्याच नंबरवर करा.

पैसे गेलेच असतील तर तासांना किंमत असते. कार्डाने किंवा बँकेतून भरले असतील तर आधी बँकेला कळवा. क्रिप्टोने भरले असतील तर व्यवहाराचा हॅश (ओळख क्रमांक) आणि समोरच्याचा वॉलेट पत्ता उतरवून ज्या एक्सचेंजमधून पाठवले त्यांना आणि पोलिसांना द्या. ग्रुप सोडण्याआधी सगळं संभाषण उतरवून घ्या, एकदा बाहेर काढलं की ते हाती लागत नाही. त्यांच्या सांगण्यावरून मोबाइलवर दूरवरून नियंत्रणाचं ॲप टाकलं असेल तर ते काढा आणि दुसऱ्या यंत्रावरून सगळे पासवर्ड बदला. काही आठवड्यांनी एखादा अनोळखी माणूस फोन करेल, बुडालेली रक्कम त्याला डॉलरसकट माहीत असेल आणि थोडी फी आगाऊ घेऊन तो ती सोडवून देतो म्हणेल. तो आकडा त्याला बहुधा त्याच टोळीकडून मिळालेला असतो.