शिडाच्या बोटीसाठी ऑटोपायलट: दांड्यावरचा, चाकावरचा, डेकखालचा की वाऱ्यावरचा?

ऑटोपायलट, म्हणजे माणसाऐवजी सुकाणू धरणारं यंत्र, घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, बोट किती फुटी? तेवढ्यावरून निवडलेला ऑटोपायलट बहुधा लहान पडतो. सुकाणूवर किती जोर येणार हे लांबीपेक्षा वजनावर ठरतं. आणि वजन म्हणजे कारखान्याच्या कागदावरचं नव्हे, तर पाणी, डिझेल, नांगर-साखळी, आठवड्याचा शिधा आणि चार माणसं चढल्यावरचं. म्हणून कागदावरच्या आकड्यात आधी 20 टक्के मिळवायचे, मग कोणता पायलट किती वजनाला चालतो त्याचा तक्ता बघायचा.

हिशोब करून बघा. रेमरीन कंपनीचा, सुकाणूच्या दांड्यावर बसणारा एसटी 1000 हा 3,000 किलोपर्यंतच्या बोटींसाठी आहे, एसटी 2000 हा 4,500 किलोपर्यंत, आणि चाकावर बसणारा ईव्ही-100 हा 7,500 किलोपर्यंत. 28 फुटी, 3.2 टनांची बोट भरली की 3.84 टन होते. एसटी 2000 पुरेल, एसटी 1000 नाही. 36 फुटी, साडेसहा टनांची बोट कागदावर ईव्ही-100 च्या मर्यादेत आरामात बसते, पण भरल्यावर ती 7.8 टन होते, म्हणजे मर्यादेबाहेर. शांत समुद्रात हे कधी कळणारही नाही. मागून लाटा यायला लागल्या, बोटीचा मागचा भाग उचलून बाजूला फेकला जायला लागला, की मग कळतं.

दांड्यावरचा आणि चाकावरचा

सुकाणूला दांडा असलेल्या लहान बोटीला दांड्यावरचा पायलट हाच सरळ पर्याय. एका नळीत मोटर, होकायंत्र आणि संगणक, सगळं एकत्र. एक टोक बाकाच्या खाचेत, दुसरं दांड्यावरच्या खिळीवर. सुकाणूच्या अक्षापासून खिळी 460 मिलिमीटरवर, हे माप मात्र काटेकोर हवं. नको असेल तेव्हा उचलून खाली केबिनमध्ये ठेवता येतो. सगळ्यांत स्वस्त, बसवायला एक दुपार पुरते. एसटी 1000 आणि एसटी 2000 यांत निवड असेल तर बोट हलकी असली तरी मी दुसराच घेईन. त्याच्या नळीतून आतबाहेर होणारी कांडी गोळ्यांच्या स्क्रूवर सरकते, त्यामुळे तो जलद आणि कमी कुरकुर करत चालतो.

त्याची दोन दुखणी आहेत. तो उघड्यावर असतो, आणि खारं पाणी कधी ना कधी आत शिरतंच. कापडी आवरण शिवून घ्या. दुसरं म्हणजे होकायंत्र नळीतच असल्याने शेजारी स्पीकर, मोबाइल किंवा लोखंडी हत्यार ठेवलं की बोट गुपचूप दिशा बदलते. पाहुणे बरोबर असले की हे होतंच.

चाकाच्या बोटीला चाकावर कडं बसवून पट्ट्याने फिरवणारा पायलट मिळतो. दिसायला नीटनेटका, किमतीत मधला. मला तो फारसा आवडत नाही. तो चाक फिरवतो, चाक साखळी फिरवतं, साखळी तारा ओढते, तारा सुकाणू वळवतात. वाटेतली प्रत्येक ढिलाई त्याच्या वाट्याला येते. तार तुटली तर हाताचं सुकाणू आणि ऑटोपायलट दोन्ही एकाच क्षणी जातात. बंदराजवळच्या शनिवार-रविवारच्या फेऱ्यांना ठीक आहे.

डेकखालचा

इथे मोटरची कांडी थेट सुकाणू ज्यावर फिरतं त्या खुंटावर, स्वतःच्या वेगळ्या आर्मला जोडलेली असते. चाकाशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे तार तुटली तरी बटणं दाबून बोट बंदरात आणता येते. मोठ्या रकमेचं समर्थन करायला मला एवढं एकच कारण पुरतं. बाकीचे फायदे वरचे: मोटर कोरड्यात, ताकद भरपूर, दिशेचा सेन्सर वेगळा असल्याने तो लोखंडापासून दूर, बोटीच्या मध्याजवळ बसवता येतो. आजच्या सेन्सरमध्ये होकायंत्राबरोबर जायरोही असतो. लाटेने बोट वळायला सुरुवात करताच तो ओळखतो, तर निव्वळ होकायंत्रावर चालणारा जुना पायलट बोट वळून झाल्यावर जागा होतो.

तोटा किमतीचा, आणि बसवण्याचा. आर्म, खालचा भक्कम पाया, सुकाणूचा कोन सांगणारा सेन्सर, जाड वायरिंग, हे सगळं धरलं तर यंत्राइतकाच खर्च बसवण्यावर होऊ शकतो. मासेमारीच्या यांत्रिक बोटीवर किंवा हायड्रॉलिक सुकाणूच्या मोटरबोटीवर हेच काम पंप करतो. तिथे बोटीचं वजन बाजूला ठेवा. सुकाणूच्या सिलिंडरमध्ये किती घन सेंटिमीटर तेल मावतं ते बघून पंप निवडा.

वाऱ्यावर चालणारा

बोटीच्या मागे एक पातं. वारा ठरलेल्या कोनातून हलला की पातं कलतं, पाण्यातलं वल्हं वळतं, पाण्याचा प्रवाह त्याला बाजूला ढकलतो आणि दोऱ्या सुकाणू ओढतात. मॉनिटर, एरीज हे या जातीचे. हायड्रोव्हेन वेगळा, त्याचं स्वतःचं छोटं सुकाणू असतं आणि मुख्य सुकाणू गेलं तर तेच कामी येतं. वीज शून्य. वारा आणि वेग वाढला की ताकदही वाढते, विजेच्या पायलटची नेमकी जिथे दमछाक होते तिथे.

गोल्डन ग्लोब शर्यतीत विजेचा ऑटोपायलट चालतच नाही. 2022-23 मध्ये तिथे दुसरे आलेले भारतीय नाविक अभिलाष टॉमी पृथ्वीप्रदक्षिणेत वाऱ्याच्या पात्यावर आणि स्वतःच्या हातांवर अवलंबून होते. उलट व्हाँदे ग्लोबमधल्या अतिवेगवान बोटी विजेच्या ऑटोपायलटवर धावतात, कारण तिथे बोटीच्या स्वतःच्या वेगानेच जाणवणारा वारा सारखा बदलत राहतो आणि पात्याला ते झेपत नाही. दोन्ही शर्यती एकट्याने करायच्या, दोन्ही जगाभोवती, आणि उत्तरं दोन.

मग मुंबई-गोवा करणाऱ्याने पातं घ्यावं का? माझं उत्तर, नाही. पातं वाऱ्याशी कोन राखतं, दिशा नाही. कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीवरून येतो आणि दुपारी खारा वारा वायव्येकडून. समजा पहाटे ईशान्येचा वारा डाव्या अंगाला घेऊन तुम्ही दक्षिण-आग्नेयेला निघालात आणि पातं लावलंत. वारा वायव्येला गेला की तोच कोन राखत बोट पूर्व-ईशान्येकडे तोंड करते, म्हणजे सरळ किनाऱ्याकडे. शिवाय मधल्या पडलेल्या वाऱ्यात इंजिन लावावंच लागतं आणि इंजिनावर पातं निरुपयोगी. हेच पातं मुंबईहून लक्षद्वीप किंवा त्याही पलीकडे, दिवसचे दिवस एकाच वाऱ्यात जाणाऱ्यासाठी सोन्याचं आहे. अशा बोटींवर एक छान युक्ती करतात. इंजिन चालू असताना पात्याच्या जागी सगळ्यांत लहान दांड्यावरचा पायलट अडकवायचा. त्याला जड सुकाणू ओढावं लागत नाही, फक्त पात्याचं काम करायचं असतं.

विजेचा हिशोब

दांड्यावरचा पायलट सरासरी दीड अँपिअर घेतो असं धरलं तर 24 तासांत 36 अँपिअर-तास. डेकखालचा चार अँपिअर घेत असेल तर 96. शंभर अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतून प्रत्यक्षात निम्मंच वापरावं, म्हणजे डेकखालचा पायलट असलेल्या बोटीला निव्वळ त्याच्यासाठी दोन बॅटऱ्या. शीड चुकीचं लावलेलं असेल तर हे आकडे झपाट्याने वाढतात. हाताने चाक धरल्यावर बोट सतत वाऱ्याकडे ओढत असेल तर आधी मोठं शीड कमी करा. ऑटोपायलट तक्रार करत नाही, फक्त बॅटरी संपवतो.

मी काय घेईन

तीस फुटांच्या आतली, दांड्याची, किनाऱ्याने फिरणारी बोट: एसटी 2000, आणि पैसे उरले तर जादाचा म्हणून एक जुना केबिनमध्ये. 35 फुटांपुढची, चाकाची: थेट डेकखालचा, त्यासाठी वर्षभर थांबावं लागलं तरी. खुल्या समुद्रात एकट्याने किंवा दोघांनी जाणारी: पातं, आणि जोडीला विजेचा. सहा ते सात टनांच्या, चाकाच्या, फक्त हौशी फेऱ्यांच्या बोटीचा प्रश्न खरा कठीण. तिथे बोट पुढेही आपल्याकडे राहणार आहे का, यावर ठरवा.

कोणताही घेतलात तरी कोकणच्या पाण्यात त्याच्या भरवशावर खाली झोपू नका. मासेमारीच्या डोल जाळ्यांचे खुंट, अंधारात दिवा नसलेली होडी, वेंगुर्ल्यासमोरचे खडक यातलं काहीच त्याला दिसत नाही. प्लॉटरवर, म्हणजे नकाशाच्या पडद्यावर, जयगड खाडीच्या तोंडावरचा बिंदू दिला तर तो बोट त्या बिंदूवरच नेईल, मध्ये काही असो. आणि फक्त होकायंत्राच्या मोडवर ठेवलात तर भरती-ओहोटीचा प्रवाह बोटीला बाजूला ढकलत राहतो, पडद्यावरची दिशा मात्र बरोबरच दिसते.

बसवून झाल्यावर पहिलं काम म्हणजे शांत पाण्यात होकायंत्र जुळवणं. मांडव्याबाहेर, वारा नसलेल्या सकाळी, इंजिन मंद ठेवून सावकाश गोल फेऱ्या मारायच्या, कशा ते पुस्तिकेत दिलेलं असतं. चुकीची नोंद झाली तर पुन्हा मारायच्या. सुकाणू पुन्हा हातात देणारं स्टॅंडबायचं बटण बोटीवरच्या प्रत्येकाला त्याच दिवशी दाखवून ठेवा, लहान मुलांनासुद्धा.