शामारेल की रोचेस्टर? मॉरिशसमधील धबधबा आणि रम यांच्या दोन जोड्या

मॉरिशसला जाणाऱ्या पुणेकरांच्या कार्यक्रमात बेटाच्या दक्षिण भागासाठी एक दिवस राखून ठेवलेला असतोच, आणि त्या एका दिवसात धबधबा व रमची डिस्टिलरी या दोन्ही गोष्टी निवांतपणे बसतील का, अशी विचारणा माझ्याकडे बऱ्याच ओळखीच्या मंडळींनी केली आहे. त्या बसतात, आणि तशा दोन जोड्या आहेत. नैर्ऋत्येच्या डोंगराळ भागात शामारेलचा धबधबा आणि त्याच गावातील रुमरी द शामारेल ही डिस्टिलरी आहे; दक्षिण किनाऱ्यावर सुयाक गावाजवळचा रोचेस्टर धबधबा आणि तिथून थोड्या अंतरावरची सेंट ऑबिनची जुनी इस्टेट आहे. या दोन्ही जोड्या मी वेगवेगळ्या मुक्कामांत पाहिल्या आहेत. नकाशावर त्या जवळ दिसतात, म्हणून एकाच दिवसात दोन्ही उरकण्याचा मोह होतो, परंतु तो आवरावा, कारण तसे केल्यास दिवसाचा मोठा भाग वाहनातच जातो आणि चारही ठिकाणी घड्याळाकडे पाहत उभे राहावे लागते.

जोडी ठरवण्यापूर्वी आपण कोणत्या महिन्यात जाणार आहोत याचा विचार करावा. धबधब्याचा हंगाम आणि डिस्टिलरीचा हंगाम तिथे जवळजवळ परस्परविरुद्ध आहेत, आणि ही गोष्ट सहलीच्या माहितीपत्रकांत मला कुठेही वाचायला मिळाली नाही. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे तिथला मुख्य पाऊस जानेवारी ते एप्रिल या काळात पडतो, तर ऊसतोडणी जून-जुलैच्या सुमारास सुरू होऊन डिसेंबरपर्यंत चालते. आपल्याकडे साखर कारखान्यांचे गाळप ऐन भरात येते तेव्हा त्यांचे संपत आलेले असते. त्यामुळे मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत गेल्यास धबधब्यांना चांगले पाणी असते, मात्र डिस्टिलरीतील चरक बंद असतात आणि मार्गदर्शक आपल्याला थंड यंत्रांमधून फिरवतो. दिवाळीच्या सुट्टीत गेल्यास ताज्या रसाचा वास आवारभर दरवळत असतो, पण ऑक्टोबर हा तिथला बहुधा सर्वांत कोरडा महिना असल्याने धबधबे रोडावलेले असतात. जुलै आणि ऑगस्ट हे दोन महिने त्यातल्या त्यात दोन्हींना न्याय देतात, आणि ज्यांना रजा जुळवता येते त्यांनी ते धरावेत असे मी सुचवीन.

शामारेलची बाजू प्रथम मांडतो, कारण बहुतेकांची निवड तीच असते आणि त्यासाठी सबळ कारणे आहेत. पश्चिम किनाऱ्यावरून वळणावळणाचा घाट चढून आपण गावात येतो. एकाच तिकिटात धबधबा आणि सप्तरंगी माती असे दोन्ही पाहता येते. बसाल्टची झीज होऊन उरलेल्या लोह आणि अॅल्युमिनियमच्या संयुगांमुळे त्या मातीच्या उंचवट्यांना तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत छटा आल्या आहेत. धबधब्याची उंची ८० ते १०० मीटरच्या दरम्यान वेगवेगळी सांगितली जाते. आकडा कोणताही धरला तरी गर्द झाडीच्या दरीत सरळ कोसळणारी ती धार पाहून माणूस क्षणभर बोलायचे थांबतो. तिथून रुमरी अगदी काही मिनिटांवर आहे. २००८ साली सुरू झालेली ही डिस्टिलरी भेट देणाऱ्यांचा विचार करूनच बांधलेली असल्याने चरक, आंबवण्याच्या टाक्या, ऊर्ध्वपातनाची तांब्याची भांडी आणि ओकची पिपे अशी सगळी प्रक्रिया ओळीने पाहता येते. उसाची चिपाडे इंधन म्हणून वापरली जातात, हे पाहिल्यावर साखर पट्ट्यातल्या कोणालाही आपले काहीतरी भेटल्यासारखे वाटेल.

रमविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण त्यामुळे या सहलीला अर्थ येतो. आपल्याकडची ओळखीची गडद रम मळीपासून होते. साखर काढून घेतल्यावर जे उरते ते आंबवून तिचा जन्म होतो. या दोन्ही इस्टेटींचा भर मात्र साखर न काढता उसाच्या ताज्या रसापासूनच रम करण्यावर आहे. रस तोडणीनंतर लवकर आंबट होऊ लागतो, म्हणून ऊस लगोलग चरकात घालावा लागतो, आणि डिस्टिलरी उसाच्या शेतातच का उभी असते हे तिथे गेल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. अशा पांढऱ्या रमच्या पहिल्या घोटात ओल्या गवताचा आणि रसवंतीच्या दुकानाचा जो वास येतो, तो मळीच्या रममध्ये सापडणार नाही. ज्यांना केवळ गोड, मसालेदार रमची सवय आहे त्यांना ही पांढरी रम कदाचित उग्र वाटेल; त्यांनी व्हॅनिला किंवा कॉफीच्या लिक्युअरपासून सुरुवात करून उलट्या क्रमाने यावे. रम समजून घेणे हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे त्यांना माझ्या मते शामारेलच अधिक देऊन जाईल, कारण तिथली मांडणी अधिक सविस्तर आहे आणि चवीसाठी मांडलेल्या प्रकारांची संख्याही मला अधिक जाणवली.

असे असूनही माझा कौल दुसऱ्या जोडीकडे झुकला, आणि त्याला एकच खंत कारणीभूत आहे. शामारेलचा धबधबा आपल्याला भेटत नाही. तो दरीच्या पलीकडे आहे आणि आपण अलीकडच्या कठड्याशी उभे असतो. पायऱ्या चढून वरच्या सज्जात गेलो तरी दृश्य अधिक चांगले दिसते, अंतर मात्र तेवढेच राहते. तुषार अंगावर येत नाहीत, आवाजसुद्धा वाऱ्याची दिशा असेल तसाच येतो. ज्याने पावसाळ्यात ताम्हिणीच्या रस्त्याकडेला गाडी थांबवून पाण्याखाली डोके धरले आहे, मढे घाटात कड्यावरून उलटे उडणारे पाणी चेहऱ्यावर घेतले आहे, त्याला धबधबा असा चित्रासारखा पाहून परत फिरणे फार जड जाते. माझ्याबरोबरची मंडळी छायाचित्रे काढून मोकळी झाली आणि सप्तरंगी मातीकडे निघाली, तेव्हा मी कठड्याशी रेंगाळत होतो, आणि पुढे डिस्टिलरीत बसल्यावरही ती अतृप्ती मनातून गेली नाही. वाटाड्या घेऊन दरीच्या तळाशी उतरण्याची सोय आहे हे खरे, परंतु त्यात दिवसाचा एवढा वाटा जातो की त्यानंतर रमसाठी ना वेळ उरतो ना अंगात त्राण. ही उणीव कोणाच्या व्यवस्थेची नसून दरीच्या रचनेतच आहे, आणि म्हणूनच लवकर पोहोचून किंवा गर्दी टाळून ती दूर होत नाही.

रोचेस्टरला ही खंत उरत नाही. सुयाकच्या बाजूने उसाच्या शेतांतून जाणाऱ्या कच्च्या रस्त्याने गाडी हळूहळू न्यावी लागते, शेवटचा थोडा भाग पायी उतरावा लागतो आणि मग सुमारे १० मीटर उंचीचा, पण रुंद पसरलेला धबधबा समोर येतो. उंचीच्या आकड्यावरून त्याला कमी लेखू नये. पाणी ज्या कड्यावरून पडते तो काळ्या बसाल्टच्या उभ्या चौकोनी खांबांचा बनलेला आहे, आणि प्रत्येक खांबावरून धार वेगळी फुटते. ज्या तप्त स्थानातून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येण्याच्या जागेतून, मॉरिशस बेट वर आले, त्याच रियुनियनच्या तप्त स्थानाशी सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हाचा संबंध भूशास्त्रज्ञ जोडतात. पुण्याच्या टेकड्यांवर वाढलेल्या माणसाला तो काळा दगड ओळखीचा वाटतो, त्यामागे एवढी मोठी हकिगत आहे. खाली डोह आहे. त्यात उतरता येते, धारेच्या जवळ जाता येते, पाठीवर पाणी घेता येते. स्थानिक मुले वरून उड्या मारतात, ते पाहावे, परंतु त्यांचे अनुकरण करू नये. डोहाची खोली त्यांना ठाऊक आहे, आपल्याला नाही. जोरदार पाऊस होऊन गेला असेल आणि पाणी गढूळ झाले असेल तर काठावरच थांबावे, हेही तितक्याच आवर्जून सांगतो.

कोरड्या महिन्यांतही रोचेस्टर तुलनेने उजवा ठरतो असे मला वाटते. उंच धबधब्याचे पाणी आटले की कड्यावर केवळ एक पांढरी रेघ उरते आणि दुरून पाहणाऱ्याच्या वाट्याला तेवढेच येते. इथे धारा कमी झाल्या तरी डोह असतो आणि डोहात बसण्याचा आनंद असतो. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी तरी माझ्या मनात फारसा संदेह नाही.

रोचेस्टरच्या गैरसोयी मात्र लपवून चालणार नाही. तिथे तिकीट नाही, म्हणून सोयीही नाहीत. कपडे बदलायला आडोसा मिळणे कठीण, आणि आपल्याबरोबरच्या स्त्रियांच्या दृष्टीने ही अडचण लहान नाही. पाण्यात उतरायचे असल्यास आतून योग्य कपडे घालूनच निघावे आणि वर गुंडाळायला मोठा पंचा जवळ ठेवावा. खडक निसरडे आहेत. वाट दाखवण्याची तयारी दर्शवणारे कोणी ना कोणी भेटतात; मदत हवी असल्यास रक्कम आधी ठरवावी, नको असल्यास नम्रपणे नाही म्हणावे. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आई-वडिलांना घेऊन जायचे असेल, तर माझी आवड बाजूला ठेवून मी शामारेलचेच नाव घेईन, कारण तिथे गाडी जवळपर्यंत जाते आणि कठड्याशी उभे राहून सर्वांना समान दर्शन होते.

रोचेस्टरहून सेंट ऑबिन गाडीने जेमतेम पंधरा-वीस मिनिटांवर, रिव्हिएर देझांगी गावाजवळ आहे. येथील वसाहतकालीन लाकडी घर १८१९ सालचे असून त्याच्या व्हरांड्यात जेवणाची सोय आहे. शाकाहारी मंडळींनी आदल्या दिवशी तसे कळवून ठेवावे. डिस्टिलरी शामारेलच्या मानाने लहान आहे आणि ती पाहून होण्यास फार वेळ लागत नाही. परंतु इथे रमच्या जोडीला व्हॅनिला आहे, आणि तिची माहिती मला रमइतकीच मोलाची वाटली. व्हॅनिलाची वेल मूळची मेक्सिकोची. या बेटांवर तिला फुले येत, पण परागण करणारे तिथले कीटक नसल्याने शेंगा धरत नसत. शेजारच्या रियुनियन बेटावर १८४१ साली एडमंड आल्बियस या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातला पडदा उचलून हाताने परागण करण्याची युक्ती शोधली, आणि आजही जगभरातील व्हॅनिलाच्या मळ्यांत प्रत्येक फूल त्याच रीतीने हाताळले जाते. फूल एकच दिवस उमलते, आणि शेंग तयार होऊन वाळवून मुरवण्यात पुढे अनेक महिने जातात. हे ऐकून झाल्यावर व्हॅनिला मुरवलेली रम चाखली, तेव्हा त्या बाटलीची किंमत मला अवाजवी वाटली नाही.

क्रमाबाबत दोन्हीकडे एकच नियम पाळावा: पाणी आधी, रम नंतर. शामारेलमध्ये तो केवळ सोयीचा आहे, रोचेस्टरला मात्र सुरक्षिततेसाठी अत्यावश्यक आहे, कारण चव घेऊन निसरड्या खडकांवर चढणे हा जिवाशी खेळ होईल. सकाळी डोहात मनसोक्त डुंबून, कोरडे कपडे घालून, भूक लागलेल्या अवस्थेत दुपारी व्हरांड्यात जेवायला बसावे आणि त्यानंतर रमकडे वळावे. असा दिवस मला शामारेलच्या दिवसापेक्षा अधिक भरलेला वाटला. डावीकडून वाहतूक असल्यामुळे स्वतः गाडी चालवण्याचा विचार आपल्याकडच्या अनेकांच्या मनात येतो, परंतु मद्य घेऊन वाहन चालवण्याबाबत तिथला कायदा कडक आहे, तेव्हा या एका दिवसापुरता चालकासह गाडी घेणेच योग्य. मुक्काम उत्तरेला ग्राँ बेच्या बाजूला असेल तर दोन्ही जोड्या लांबच पडतात. पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाकला असेल तर शामारेल निश्चितच जवळचे. सेंट ऑबिन विमानतळापासून फार दूर नसल्याने, परतीचे विमान रात्रीचे असेल तर सामान गाडीत ठेवून शेवटच्या दिवशी हा कार्यक्रम करण्याचाही विचार करता येईल, फक्त ओल्या कपड्यांसाठी वेगळी पिशवी घ्यावी.

डोंगरावरील गंगा तलाव या तिथल्या हिंदूंच्या तीर्थस्थानाचे दर्शन बहुतेकांना घ्यायचे असते. तो दोन्ही वाटांना जोडता येतो, मात्र सकाळी पहिल्यांदा तिथे जाऊन मग खाली उतरावे, म्हणजे रम चाखून देवदर्शनाला जाण्याचा प्रसंग येत नाही आणि बरोबरच्या वडीलधाऱ्यांचीही कुचंबणा होत नाही.

निघण्यापूर्वी वार आणि सुट्ट्या तपासाव्यात. रविवारी आणि सार्वजनिक सुट्ट्यांच्या दिवशी डिस्टिलरी पाहता येईलच असे गृहीत धरू नये. आदल्या दिवशी हॉटेलातून फोन करून खात्री करून घ्यावी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे की गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्येही सार्वजनिक सुट्टी असते. बाटल्या घ्यायच्या झाल्यास भारतात परतताना प्रौढ व्यक्तीमागे २ लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते. त्या कपड्यांत गुंडाळून विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेतच ठेवाव्यात, कारण हातातल्या सामानातून त्या नेऊ देणार नाहीत.