टी४ फेज किट: विषाणू दिसत नाही, त्याने पाडलेलं भोक दिसतं

विषाणू कसा वाढतो हे वर्गात दाखवायला टी४ फेज (बॅक्टेरियांमध्ये वाढणारा विषाणू) किट उत्तम, पण घाईत उरकायचं काम नाही हे. किटमध्ये फेजचा द्रव, निरुपद्रवी ई. कोलाय बॅक्टेरियांची कल्चर (वाढवलेला साठा), घट्ट आगरच्या (जेलीसारख्या माध्यमाच्या) प्लेट आणि ०.७ टक्के मऊ आगर.

०.१ मिली फेज ०.९ मिली द्रवात, असं सहा वेळा विरल करायचं. दर वेळी पिपेटची नवी टिप. तीच वापरली तर आकडे फसतात. शेवटच्या नळीतला ०.१ मिली बॅक्टेरियात मिसळून ४५ अंशांच्या मऊ आगरात ओतायचा. आगर जास्त गरम असेल तर बॅक्टेरिया मरतात, गार झालं तर गुठळ्या.

३७ अंशांवर रात्रभर ठेवलं की बॅक्टेरियांच्या धुरकट थरात टाचणीच्या डोक्याएवढे स्वच्छ ठिपके दिसतात. प्रत्येकाची सुरुवात बहुधा एकाच फेजपासून. तो आपला डीएनए पेशीत सोडतो, तिच्याच रायबोसोमकडून प्रथिनं करून घेतो आणि सुमारे अर्ध्या तासात पेशी फोडून शंभरावर फेज बाहेर पडतात. स्वतःचा कारखाना नाही, सगळं उसनं! म्हणून तर बॅक्टेरियांची वाढ थांबली की ठिपकेही वाढायचे थांबतात. शिळी कल्चर वापरली तर ते बारीक आणि अंधूक येतात.

८० ठिपके म्हणजे मूळ द्रवात मिलीमागे ८० कोटी फेज. मोजणी ३० ते ३०० मध्येच भरवशाची.

खटकलं ते माहितीपत्रक: वापरलेल्या प्लेट ब्लीचमध्ये बुडवून मगच टाकायच्या, याबद्दल त्यात अवाक्षर नाही.