दहा महिने डेटा भरला, मग एकदा वापरून पण पाहिला

आधी ओळख. मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर आहे, पहिली ते पाचवी, पट साठीच्या आसपास. शाळा सातपुड्याच्या पायथ्याला, शिरपूर आणि चोपडा यांच्या मधली कुठलीतरी समजा. यूडायस नंबर (देशभरच्या शाळांच्या सरकारी नोंदीतला शाळेचा नंबर) सांगितला तर लगेच शोधून काढाल. अकरा आकडी असतो तो, पहिले 27 म्हणजे महाराष्ट्र, पुढे 01 नंदुरबार, 02 धुळे, 03 जळगाव. माझ्या 27 पुढे काय ते माझ्याजवळच राहू द्या.

रिव्ह्यू कशाचा म्हणाल तर पोरांच्या डेटाचा. जून ते एप्रिल, म्हणजे शाळेचं पूर्ण एक वर्ष, तो मी नुसता भरला नाही तर स्वतःच्या शाळेसाठी वापरायचा प्रयत्न केला. हेडसरांनी जूनमध्येच लॉगिन माझ्याकडे सरकवलं होतं, "मॅडम तुमचा हात चालतो मोबाईलवर" म्हणे. चालतो म्हणून काय झालं, हात दोनच आहेत की.

जून-जुलै कसा गेला ते भरणाऱ्यांना सांगायला नको. यूडायस प्लसवर प्रत्येक पोराची तीन पानं, जनरल प्रोफाइल, एन्रोलमेंट प्रोफाइल, फॅसिलिटी प्रोफाइल. त्याच्या आधी प्रोग्रेशन, म्हणजे मागच्या वर्षीचं पोर पुढच्या वर्गात ढकलणं. मग आधार, मग अपारसाठी (पोराच्या शिक्षणाचा डिजिटल आयडी) पालकांची संमती. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ नावात आणि जन्मतारखेत जातो. जनरल रजिस्टरला निम्म्या वर्गाचा वाढदिवस 1 जून, कारण दाखला करताना तारीख माहीत नसली की गुरुजी तीच टाकायचे, आणि आधारवर त्याच पोरांचा 1 जानेवारी, कारण आधारवाल्यानं ती टाकली. खरा जन्म विचारला तर आजी सांगते कानबाईच्या रोटांच्या, म्हणजे आमच्या श्रावणातल्या सणाच्या, दोन दिवस आधी. तिघांतलं आजीचंच जास्त खरं असणार पण कानबाईचा पर्याय ड्रॉपडाऊनमध्ये नाही ना.

बरं हे वर्षातून एकदाचं झालं, रोजचं वेगळंच. आज किती पोरं आली हा एक साधा आकडा मी हजेरीपटावर लिहायची, मग हजेरीच्या ॲपवर टाकायची, मग शालेय पोषण आहाराला भरायची, आणि दुपारी ग्रुपवर कोणीतरी "सर्वांनी तात्काळ माहिती द्यावी" म्हणून गूगल फॉर्म टाकला की त्यात पुन्हा. एक आकडा, चार ठिकाणी, आणि चारही ठिकाणं एकमेकांना ओळखत नाहीत. एक ॲप (नाव नको) तर रेंज गेली की भरलेलं सगळं गिळून टाकायचं, मग शाळेमागच्या टेकाडावर जाऊन पुन्हा भरायचं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरं अशैक्षणिक काम देऊ नये असं लिहिलंय, पण डेटा भरणं म्हणे शैक्षणिकच. असेल बाबा.

इथपर्यंत वाचून वाटेल की ही पण रडगाणं घेऊन बसली. तर नाही, ऑगस्टमध्ये एक गंमत झाली. ॲपवरून महिन्याची हजेरी एक्सेलमध्ये उतरते हे मला एका दुसऱ्या केंद्रातल्या (केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) सरांनी दाखवलं. मी ती उतरवली, गैरहजर तिथं पिवळा रंग टाकला, आणि रविवारी चहा पीत बघत बसले. दर मंगळवारी पिवळी पट्टी. एक मंगळवार नाही, सगळे. आणि पिवळ्यात बहुतेक पोरी, तिसरी ते पाचवीच्या.

मंगळवारी आमच्याकडे आठवड्याचा बाजार असतो हे मला काय माहीत नव्हतं? मी स्वतः त्याच बाजारातून भरताची वांगी आणते. पण हजेरीपटावर रोज एकेक रकाना भरताना हे असं एका नजरेत कधी दिसलंच नाही. दुसऱ्या दिवशी एका पोरीच्या आजीला विचारलं तर ती सरळ म्हणाली, "बाजारना दिन शे ना बाई, धाकल्या पोरले कोनाजोडे ठेवू?" झालं. आईबाप बाजाराला, धाकटं पोर मोठ्या बहिणीच्या कडेवर.

मग आम्ही दोन गोष्टी केल्या. गणिताचा नवीन भाग मंगळवारी घ्यायचा नाही, आणि अंगणवाडीताईंशी बोलून मंगळवारी ती धाकटी पोरं अंगणवाडीतच जास्त वेळ थांबतील असं जमवलं. सप्टेंबरच्या शीटमध्ये पिवळा गेला नाही पण पातळ झाला, हे मला डोळ्यांनी दिसलं. एवढंच. यासाठी ना ट्रेनिंग लागलं ना डॅशबोर्ड. फक्त मी भरलेलं मला परत बघायला मिळालं.

आणि इथंच माझी सरकारला मुख्य तक्रार आहे म्हणा, मागणी म्हणा. डेटा वर जातो, खाली येत नाही. चाचण्यांचे गुण आम्ही प्रश्नानुसार भरले, संध्याकाळी आठपर्यंत बसून. परत काय आलं तर एक पीडीएफ, ज्यात आमची शाळा कुठल्या रंगात आहे ते. माझ्या तिसरीतल्या कुठल्या पोराला हातच्याची वजाबाकी येत नाही ते त्या रंगात कुठंय? शेवटी मी वर्गात जुन्या पद्धतीनं वाचनाचे गट लावले, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, नावाच्या चिठ्ठ्या करून भिंतीवर, दर महिन्याला चिठ्ठी पुढं सरकते की नाही बघायचं. पोरंच येऊन विचारतात, मॅडम माझी चिठ्ठी कधी सरकणार. माझा सगळ्यात जास्त वापरला गेलेला डॅशबोर्ड तोच, किंमत एक कार्डशीट आणि डिंक.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, जी मला वर्षभर शीट बघितल्याशिवाय कळली नसती. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला शिक्षकांची पदं किती ते ठरवायला, पट धरतात तो 30 सप्टेंबरचा. त्या दिवशी माझा वर्ग भरलेला असतो. गावाकडची दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आमच्याकडच्या बऱ्याच गुजरातेत बारडोलीकडे, काही सुरतला कामाला, आणि परततात होळीला, भोंगऱ्याच्या बाजाराला (होळीआधीचा आदिवासींचा बाजार). म्हणजे सरकारनं ज्या दिवशी फोटो काढला त्याच्यानंतर दिवाळी झाली की फोटोतली पोरं गावात नसतात! माझ्या शीटवर नोव्हेंबर ते फेब्रुवारी पिवळ्याचा पट्टाच आहे, मार्चमध्ये तो एकदम पुसल्यासारखा जातो. राज्याला हे दिसतं का? रोजची हजेरी भरली जातेय म्हणजे दिसायला पाहिजे. पण कोणी महिन्यानुसार गाव लावून बघितलं तर ना. बघितलं तर कोणत्या गावात हंगामी वसतिगृह ऑक्टोबरमध्येच सुरू करायचं ते घरबसल्या कळेल, आत्ता प्रस्ताव जाऊन मंजुरी यायला पोरं निघून गेलेली असतात.

चांगलं पण सांगते, कारण या बाबतीत यूडायसचा पेन नंबर मला मनापासून आवडलाय. 2022-23 पासून पोरांची नुसती संख्या नाही तर एकेक पोर नोंदवायला लागले, आणि प्रत्येकाला कायमचा पेन नंबर, देशभर एकच. चौथीतली एक हुशार पोर दिवाळीनंतर आलीच नाही, दाखला पण नेला नाही. घरी गेले तर काका म्हणाला, "त्या ते गयात सुरतले, आते होळीले येतीन." अशा पोरांना आपण दाखल्याशिवाय गेलं म्हणून नोंदवलं की ते पोर्टलवरच्या ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडून गेलेल्यांच्या यादीत, दिसतं. मी शिक्षण हमी कार्डावर (स्थलांतर करणाऱ्या पोरांना देतात ते) तिचा पेन नंबर मोठ्या अक्षरात लिहून काकाजवळ दिला आणि फोनवर बापाला सांगितलं की तिथल्या शाळेत एवढा आकडा दाखव, बाकी काही नको. सुरतला महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत हे पण सांगितलं, त्याला माहीतच नव्हतं. डिसेंबरात एका रात्री लॉगिन केलं तर पोरगी ड्रॉपबॉक्समधून गायब! गायब म्हणजे कुठल्यातरी शाळेनं इम्पोर्ट केली. माझ्या पटावरचं एक पोर कमी झालं आणि मी खूश, असं पहिल्यांदाच झालं असेल.

खूश झाले खरी, पण हेडसरांचा चेहरा पडला. पट कमी म्हणजे संचमान्यतेत एक पद जाण्याची भीती, दोनातला एक शिक्षक गेला की शाळा एकशिक्षकी. ज्या आकड्यावर माणसाची नोकरी टांगलेली तो आकडा माणूस खरा भरेल असं गृहीत धरायचं असेल तर खरं भरणाऱ्याला शिक्षा नको. वरच्या पातळीवर पण हेच झालं ना, विद्यार्थीनिहाय मोजणी आली आणि 2023-24 ला देशाची पटसंख्या 24.80 कोटी निघाली, 2021-22 पेक्षा एक कोटीहून जास्त कमी, आणि मंत्रालयाला सांगावं लागलं की पद्धत बदललीय, जुन्याशी सरळ तुलना करू नका. काही पोरं दोन शाळांत मोजली जायची, ती एकदाच मोजली गेली. आमच्याकडे कमी वाचता येणारी पोरं खरी लिहिली तर केंद्र परिषदेत उभं करतात, म्हणून मग शेजारची शाळा शंभर टक्के प्रगत. शंभर टक्के प्रगत शाळेला मदत कशाला पाठवतील, सांगा बरं.

राज्यानं काय करावं याबद्दल माझं मत, दहा महिने हात भाजून घेतलेल्या माणसाचं म्हणून घ्या. गुजरातनं 2019 मध्ये गांधीनगरला विद्या समीक्षा केंद्र काढलं, राज्यभरच्या शाळांचा डेटा एका जागी बघायला, मोठ्या भिंतीवर पडदे, आपल्याकडे पण पुण्याला झालं. भारीच. पण पडदा पुण्याला आणि पोर पाड्यावर, मधला दुवा कोण? माझ्या मते तो केंद्रप्रमुख, म्हणजे आमच्या शाळांच्या गटावरचा अधिकारी. केंद्रात दहा-बारा शाळा, महिन्याला एक शिक्षण परिषद, त्यातला अर्धा तास जरी प्रत्येक शाळेला तिचीच दोन पानं छापून दिली, मागचा महिना नि हा महिना, आणि विचारलं की यात नवल काय वाटतं, तर मंगळवारसारखे दहा मंगळवार निघतील. पण केंद्रप्रमुखांच्या जागाच रिकाम्या, एकेका माणसाकडे दोन-दोन केंद्रं, तो बिचारा स्वतःच लिंक फॉरवर्ड करण्यात बुडालेला. आधी माणूस द्या, मग पडदा.

दुसरं, एकदा भरलं की एकदाच. राजस्थाननं शाला दर्पणवर शाळा, शिक्षक, विद्यार्थी असं बरंचसं एकाच पोर्टलवर आणलंय. आपल्याकडे 2015 पासून राज्याचं सरल पोर्टल आहे, पगाराला शालार्थ, वर यूडायस प्लस, आणि तेच पोर तेच आडनाव सगळीकडे नव्यानं टाइप. हे जोडायचं काम शिक्षकाचं नाही, मंत्रालयात बसणाऱ्यांचं आहे, आणि जोपर्यंत जोडत नाहीत तोपर्यंत नवीन गूगल फॉर्म काढणाऱ्याला आधी विचारा की ही माहिती आपल्याजवळ आधीच आहे का. बहुतेक वेळा असते हो.

तिसरं जरा नाजूक. आधार न जुळलेल्या पोरांची यादी, जन्मतारीख, आधार नंबर, बापाचा मोबाईल, सगळ्यासकट व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो काढून पडते. त्या ग्रुपवर कोण कोण आहे ते ॲडमिनला पण माहीत नसेल. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठराच्या आतल्या मुलांच्या माहितीला पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती मागतो. आम्ही अपारच्या फॉर्मवर अंगठे घेतलेत, पण अंगठा देताना एका आईनं विचारलं, हे कशाला? मला नीट सांगता आलं नाही, मलाच कोणी सांगितलेलं नव्हतं. अहिराणीत, पावरीत, म्हणजे इथल्या बोलीत, चार ओळींचं पान छापून दिलं असतं तर मी वाचून दाखवलं असतं.

तर पाचपैकी किती? पेन नंबरला साडेचार. हजेरीच्या एक्सेलला चार, ॲपला मात्र दोन, ते पण टेकाडावरची हवा चांगली म्हणून. वरून येणाऱ्या पीडीएफला एक. नवीन लोकांना सल्ला द्यायचा तर वरचा रिपोर्ट येईल म्हणून थांबू नका, महिन्याची शीट स्वतः उतरवा, एकाच रंगात रंगवा आणि बाजारचा दिवस, आखाजी (अक्षय्य तृतीया), भोंगऱ्या, कापूस वेचणी हे बाजूला पेन्सिलनं लिहा. जूनपासून परत सगळं आहेच. त्याआधी या आठवड्यात पहिलीच्या नवीन पोरांची यादी करायचीय. अंगणवाडीताईंच्या पोषण ट्रॅकरवर ती सगळी पोरं नावानिशी, वजनानिशी आहेत, पण ते खातं वेगळं, आपल्या पोर्टलला ती दिसत नाहीत. म्हणून उद्या सकाळी ऊन चढायच्या आत वही घेऊन जाते, त्या मोबाईलवरून वाचतील, मी उतरवून घेईन, आणि दुपारी घरी येऊन पुन्हा मोबाईलवर टाकीन.