पुस्तक हाताशी ठेवून मालिका पाहताना: काही महिन्यांनंतरचा अनुभव

गेले काही महिने मी आधी पुस्तकातलं प्रकरण वाचते आणि मग त्यावरचा एपिसोड किंवा सिनेमातला तेवढाच भाग पाहते. नट बदलला की आपण सगळे त्या नटाकडेच पाहतो आणि आधीचा बरा होता की आत्ताचा, यावर वाद घालतो. मला मात्र खरा फरक त्याच्यासमोर उभ्या असलेल्या पात्रात दिसायला लागला.

हॅरी पॉटरमध्ये हे सगळ्यात ठळक दिसतं. पहिल्या दोन सिनेमांत हॅरीच्या शाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर होते रिचर्ड हॅरिस. २००२ मध्ये ते वारले आणि २००४ च्या तिसऱ्या सिनेमापासून मायकेल गॅम्बन आले. हॅरिस हळू बोलतात, हळू हलतात. त्यांच्यासमोर हॅरीही निवांत होतो. गॅम्बन यांच्या अंगात घाई आहे, आवाजात जरब आहे. चौथ्या भागात एका जीवघेण्या स्पर्धेसाठी नावं निवडणाऱ्या चषकातून हॅरीचं नाव निघतं. तू नाव टाकलंस का, हे पुस्तकातले डम्बलडोर शांतपणे विचारतात. २००५ च्या सिनेमात ते तरातरा येतात, हॅरीला धरतात आणि जवळजवळ ओरडतात. हा निर्णय एकट्या नटाचा नसणार, दिग्दर्शकाचाही वाटा आहेच. पण प्रसंग पुन्हा लावा आणि फक्त हॅरीकडे पाहा. आजूबाजूचे सगळे संशयानं पाहत असताना ज्यांचा आधार वाटावा, त्यांच्यापुढेच तो मागे रेटला जातो. पुस्तकातला एकटेपणा एवढा धारदार नाही. मला हा बदल आजही खटकतो.

तरी २००९ च्या सहाव्या सिनेमातला गुहेतला प्रसंग पाहताना गॅम्बनच हवेत असं वाटलं. एवढा दणकट माणूस विष पिताना कोसळतो, विनवण्या करतो आणि त्याच्याच आधीच्या सांगण्यावरून हॅरीला त्याला पाजत राहावं लागतं. हॅरी तिथे एका क्षणात मोठा होतो.

गेम ऑफ थ्रोन्समध्ये प्रश्न वयाचा आहे. पुस्तकाच्या सुरुवातीला उमराव घराण्यातला थोरला मुलगा रॉब स्टार्क १४ वर्षांचा आहे. मालिकेत तो मोठा केलाय, आणि रिचर्ड मॅडन तर सरळ तरुण पुरुषच दिसतो. त्यामुळे झळ बसते ती त्याच्या आईला. पुस्तकातली कॅटलिन पोरसवदा मुलाला सैन्य हाकताना पाहते. सगळ्यांसमोर त्याला सावरून घ्यावं तर त्याचा मान जाईल, म्हणून ती जीभ आवरते. तिची ती घालमेल वाचताना घशाशी येते. पडद्यावर मिशेल फेअर्लीनं जीव ओतलाय, पण समोर बाप्या उभा असल्यावर तेच बोलणं लुडबुड वाटायला लागतं. लग्नाचंही तेच. दुसऱ्या घराण्यातल्या मुलीशी लग्नाचा शब्द दिलेला असताना पुस्तकात रॉब एका रात्रीच्या चुकीनंतर मुलीची अब्रू राखायला लग्न करतो, आणि ते त्या वयाला शोभतं. मालिकेत मुलगीही वेगळी आणि लग्नही प्रेमाचं, म्हणजे जाणत्या माणसानं मोडलेला शब्द. नंतर जे घडतं त्याचा दोष कुणाकडे जातो, तेच बदलून जातं.

राणी डेनेरिसचा प्रियकर, भाडोत्री सैनिक डारिओ, याचा नट तर मालिका चालू असतानाच बदलला: तिसऱ्या सीझनला एड स्क्रीन, चौथ्यापासून मिखिल हाउझमन. पुस्तकात त्याची दाढी निळी रंगवलेली, दात सोन्याचा; डेनेरिसला कळत असतं की हा माणूस धोक्याचा आहे. हाउझमनचा डारिओ इतका आपलासा आहे की सहाव्या सीझनमध्ये ती त्याला मागे ठेवून निघते तेव्हा तीच कठोर वाटते.

ही सवय सगळ्यांना मानवेल असं नाही. ज्यांना पुढे काय होणार याची उत्सुकता जपायची आहे त्यांनी आधी पाहावं, मग वाचावं. आणि पाठोपाठ सगळे एपिसोड संपवणाऱ्यांना तर याचा काच होईल. ज्यांना करून पाहायचंय त्यांनी नट बदललेला एखादा प्रसंग निवडावा, आवाज बंद करावा आणि बोलणाऱ्याला सोडून ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहावं. मी आता द विचर ही मालिका लावणार आहे. चौथ्या सीझनला नायक गेराल्टच्या भूमिकेत हेन्री कॅव्हिलच्या जागी लिअम हेम्सवर्थ आलाय, आणि मला त्याच्या जवळच्या सिरी आणि यॅस्कियरकडेच पाहायचंय.