उवांचा परमेथ्रिन शाम्पू आणि डब्यातली फणी : काय घ्यावं, कसं लावावं

जूनमध्ये शाळा भरतात आणि जुलै संपेपर्यंत कोल्हापुरातल्या औषध दुकानांत एक वाक्य कानावर पडायला लागतं : "पोरगी सारखी डोस्कं खाजवतीया, कायतरी द्या." वेळ बरोबर जुळते. उवा पहिल्यांदाच झाल्या असतील तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात. म्हणजे खाज दिसली तेव्हा उवा महिनाभर डोक्यात राहून गेलेल्या असतात, आणि सोबत लिखाही. ही गोष्ट लक्षात ठेवून औषध घेतलं तर पुढचं बरंच सोपं जातं.

इथे पारख केली आहे ती १ टक्का परमेथ्रिन असलेल्या उवांच्या शाम्पूची आणि त्याच्या डब्यात मिळणाऱ्या फणीची. राजारामपुरी, लक्ष्मीपुरी, शिवाजी पेठ, कुठल्याही मेडिकलमध्ये उवांचं औषध मागितलं की काहीतरी हातात पडतंच, पण ते हेच असेल असं नाही. बाटली फिरवून घटकांची ओळ वाचावी. परमेथ्रिन १ टक्का हे डोक्यासाठी. परमेथ्रिन ५ टक्के हे खरजेचं क्रीम, ते अंगाला लावायचं असतं. नाव एकच असल्याने काउंटरवर अदलाबदल होऊ शकते. कडुनिंब, सीताफळ, कापूर असं लिहिलेल्या बाटल्या आणि पुड्या वेगळ्या. त्यांनी केस मऊ होऊन फणी नीट चालते, काही उवाही मरतात, पण परमेथ्रिनइतका भरवसा त्यांच्यावर टाकता येत नाही. सीताफळाच्या बियांची पूड तर घेऊच नये, कारण खाली दिलं आहे. गॅमा बेंझिन हेक्झाक्लोराईड लिहिलेलं लोशन दिलं तर परत करावं. ते मेंदू आणि मज्जातंतूंना बाधू शकतं. लहान मुलं, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका आणि फिट येणारे रुग्ण यांनी तर त्यापासून लांबच राहावं.

परमेथ्रिन हा शेवंतीच्या कुळातल्या फुलांतून मिळणाऱ्या पायरेथ्रिनचा कारखान्यात बनवलेला भाऊ. उवेच्या मज्जातंतूंवर त्याचा घाव बसतो, ऊ लुळी पडते आणि मरते. पण लिखेतल्या जिवाची मज्जासंस्था सुरुवातीचे काही दिवस तयारच झालेली नसते, त्यामुळे औषध लागूनही ती लीख जगते आणि फुटते. हा शाम्पूचा खरा कच्चा दुवा आहे. डब्यावर मोठ्या अक्षरात जे छापायला हवं ते हेच : एका धुण्यात काम होत नाही, बाटली दुसऱ्या वेळेसाठीही घ्या.

लावताना सगळ्यात जास्त घोटाळा तेलाने होतो. शाळेच्या वेण्या घालायच्या म्हणून मुलींच्या केसांना खोबरेल चोपडलेलं असतं, आणि त्यावरच औषध ओततात. तेलाच्या थराखाली औषध उवेपर्यंत नीट पोचत नाही. आधी साध्या शाम्पूने डोकं दोनदा धुवावं. शिकेकाईवर भागवू नये. कंडिशनर अजिबात लावू नये, तोही केसांवर थर धरतो. मग टॉवेलने केस इतके टिपावेत की ओलसर राहतील पण पाणी गळणार नाही. निथळत्या केसांवर औषध पातळ होऊन वाहून जातं. काही ब्रँड कोरड्या केसांवर लावायचे असतात, तेव्हा त्या बाटलीवरची सूचना शेवटची मानावी.

खांद्यापर्यंतच्या केसांना साधारण ६० मिली लागतं. कमरेपर्यंतच्या दाट केसांना दुसरी बाटली फोडावी लागते, तिथे हात आखडू नये. केसांचे चार भाग करून मुळापासून टोकापर्यंत चोळावं. कानामागे आणि मानेच्या वर, जिथे वेणी सुरू होते, तिथे दोनदा हात फिरवावा. उवा तिथेच जास्त असतात. डोळ्यांवर घडी केलेलं फडकं धरायला सांगावं. घड्याळ लावून १० मिनिटं. अर्धा तास ठेवल्याने जास्त उवा मरत नाहीत, कातडी मात्र जळजळते. धुताना मोरीत मान पुढे झुकवून धुवावं, म्हणजे औषध अंगावर ओघळत नाही. पाणी कोमट हवं. कढत पाण्याने डोक्याची कातडी जास्त औषध शोषते. त्यानंतर एक-दोन दिवस डोकं धुवू नये.

आता दुसरा हात कधी? नव्या लिखा फुटायला साधारण ८ ते ९ दिवस लागतात आणि फुटलेलं पिल्लू अंडी घालण्याजोगं व्हायला आणखी ९ ते १२ दिवस. या दोन्हींच्या मधला दिवस पकडायचा, म्हणून नववा दिवस सर्वांत चांगला. रविवारी पहिला हात दिला तर पुढच्या रविवारनंतर येणारा मंगळवार. शाळा-नोकरीच्या घरात रविवारीच डोकी धुतली जातात, तेव्हा लगेचचा रविवार, म्हणजे सातवा दिवस, चालतो. एखादी लीख फुटायची राहते ती फणीने धरायची. त्याच्याही पुढचा रविवार मात्र चौदावा दिवस होतो. तोवर सुरुवातीला फुटलेल्या उवा मोठ्या होण्याच्या बेतात आलेल्या असतात. "औषध लावलं, तरी महिन्यात परत झाल्या" ही तक्रार बहुतेक वेळा या चुकलेल्या रविवारची असते.

डब्यातली फणी. तिच्याविषयी सरळ लिहायचं तर ती निरुपयोगी आहे. प्लास्टिकचे दात ओल्या बटेत शिरले की फाकतात आणि लीख मधून सुटते. अंगठ्याच्या नखाने दोन दात दाबून पाहावेत, वाकले तर ती फणी बाजूला ठेवावी. घ्यायची ती लांब दातांची स्टीलची फणी, दातांमधली फट ०.३ मिलिमीटरपेक्षा कमी. उजेडासमोर धरली की फटी सारख्या दिसल्या पाहिजेत. एक दात जरी वाकडा असेल तर लीख नेमकी तिथून निसटते. दोन्ही बाजूंना दात असलेली जुनी लाकडी फणी कोरड्या, तेलकट केसांतून मोठ्या उवा चांगल्या ओढते, पण ओल्या केसांत लाकूड फुगतं आणि उकळत्या पाण्यात ती टिकत नाही.

विंचरायची रीत अशी. औषधाच्या दिवशी धुतलेल्या ओलसर केसांतच गुंता काढून घ्यायचा. बोटाएवढी बट धरायची, फणीचे दात डोक्याच्या कातडीला टेकवायचे आणि एका दमात टोकापर्यंत आणायचे. प्रत्येक ओढीनंतर फणी पांढऱ्या कागदावर पुसायची. कागदावर तिळाएवढे करडे-तपकिरी ठिपके दिसतात, नीट पाहिलं तर पाय हलताना दिसतात. पुढे तिसऱ्या दिवसापासून दर दोन-तीन दिवसांनी, तीन आठवडे विंचरायचं. या वेळी कंडिशनर भरपूर लावावा, कारण त्यात उवेला पळता येत नाही आणि फणी घसरत जाते. फक्त दुसऱ्या हाताच्या दिवशी तो पूर्ण धुऊन काढायचा. काम झालं की फणी दहा मिनिटं कढत पाण्यात.

लीख आणि कोंडा यात गल्लत होते. कोंडा बोटाने सरकतो किंवा झटकला की पडतो. लीख केसाला एका बाजूने डिंकासारखी चिकटलेली असते, नखाच्या चिमटीत धरून ओढावी लागते. कातडीपासून ६ मिलिमीटरच्या आत असलेली तपकिरी लीख जिवंत असण्याची शक्यता असते. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो, तेव्हा दोन सेंटिमीटर लांब दिसणारी पांढरी लीख दोन महिन्यांपूर्वीची, रिकामी टरफलं. तिच्यासाठी पुन्हा औषध लावण्याची गरज नाही.

घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच संध्याकाळी तपासावीत. ज्यांच्यात जिवंत ऊ दिसेल त्यांना आणि त्यांच्या अंथरुणात झोपणाऱ्यांना एकदमच औषध. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत जाते, आणि डोक्यावेगळी एक-दोन दिवसांत मरते. म्हणून घरभर फवारणी नको. गेल्या दोन दिवसांत वापरलेली उशीची खोळ, टॉवेल, स्कार्फ, रिबिनी गरम पाण्यात धुवाव्यात. कोल्हापूरच्या पावसात वाकळ धुतली तर वाळत नाही, ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे बाजूला ठेवावी. पोरीचे केस भादरू नयेत. तिला घाणेरडी म्हणू नये. स्वच्छ डोक्यातही उवा तितक्याच होतात.

घरगुती उपायांत दोन खरोखर घातक. रॉकेलने कातडी भाजते आणि ते पेट घेतं. सीताफळाच्या बियांची पूड उवा मारते, पण डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा करते. दोन्ही नकोत.

गुण द्यायचे तर शाम्पूला पाचपैकी साडेतीन, डब्यातल्या फणीला एक. शाम्पूचा दीड गुण लिखांमुळे गेला आणि काही ठिकाणच्या उवा आता परमेथ्रिनला दाद देत नाहीत यामुळे. ते ओळखायला औषधानंतर ८ ते १२ तासांनी डोकं पाहावं. उवा जिवंत पण मंदावलेल्या असतील तर औषध लागू पडतंय, फणी चालू ठेवावी. मेलेली एकही दिसत नसेल आणि उवा पूर्वीसारख्याच भराभर पळत असतील तर तेच औषध पुन्हा लावू नये. सीपीआरच्या (कोल्हापुरातल्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाच्या) त्वचारोग विभागात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ, गरोदरपण, शेवंतीची ॲलर्जी किंवा डोक्यावर पिकलेल्या पुळ्या असतील तर पहिल्या बाटलीच्या आधीच विचारावं. परमेथ्रिन चाललं नाही तर डॉक्टर आयव्हरमेक्टिन देऊ शकतात, पण ती गोळी वजनावर ठरते आणि १५ किलोच्या आतल्या मुलांना देत नाहीत. शेजारच्या घरात उरलेली गोळी आणून देऊ नये.