इवो जिमाचे दोन पिक्चर, आधी कुठला बघायचा?

क्लिंट ईस्टवूडने 2006 मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या इवो जिमा या जपानी बेटावरच्या एकाच लढाईवर दोन पिक्चर काढले, 'फ्लॅग्ज ऑफ अवर फादर्स' अमेरिकन बाजूने आणि 'लेटर्स फ्रॉम इवो जिमा' जपानी बाजूने. एकच बघणार असाल तर लेटर्सच बघा. पण दोन्ही बघायचे असतील तर फ्लॅग्ज आधी, उलटं अजिबात करू नका.

फ्लॅग्ज खरं तर लढाईपेक्षा एका फोटोचा पिक्चर आहे. 23 फेब्रुवारी 1945 ला सुरिबाची डोंगरावर झेंडा उभारतानाचा तो फोटो, त्यातले म्हणून तिघांना मायदेशी आणतात आणि युद्धाचे रोखे खपवायला शहराशहरांत फिरवतात, अगदी स्टेडियममधल्या खोट्या डोंगरावर चढायलाही लावतात. त्या तिघांपैकी आयरा हेज झालेला अॅडम बीच बघाच, लोक हीरो हीरो करतायत आणि हा माणूस आतून मोडत चाललाय. पुढे 2016 आणि 2019 मध्ये मरीन कोअरने (झेंडा उभारणाऱ्या सैनिकांचं अमेरिकन दल) स्वतःच सांगितलं की या तिघांपैकी दोघं त्या फोटोत नव्हतेच, हे माहीत असताना पिक्चर अजून टोचतो. खटकतं ते एवढंच की कथा सारखी मागेपुढे उड्या मारते, सुरुवातीला कोण कुठला तेच कळत नाही.

आणि यात जपानी सैनिक जवळजवळ दिसतच नाहीत, फक्त फटींतून गोळ्या येत राहतात. म्हणूनच हा आधी बघायचा, कारण लेटर्समध्ये आपण त्याच फटींच्या मागे जाऊन बसतो. सैगो नावाचा साधा बेकरीवाला सैनिक घाणीची बादली रिकामी करायला बाहेर येतो आणि समोर समुद्रभर अमेरिकन जहाजं, हा सीन फ्लॅग्जनंतर बघितला की वेगळाच लागतो. बेटावरचा जपानी सेनापती जनरल कुरिबायाशी (केन वातानाबे, काय काम केलंय!) किनाऱ्यावर लढायचंच नाही, भुयारं खणा म्हणतो आणि त्याचेच अधिकारी त्याला विरोध करतात. जखमी अमेरिकन पोराच्या आईचं पत्र बॅरन निशी हा जपानी अधिकारी वाचून दाखवतो, तिथे जपानी पोरांचे चेहरे बघा. शरण आलेल्या कैद्यांना अमेरिकन सैनिक गोळ्या घालतात तेही पिक्चर लपवत नाही. एक तक्रार आहे माझी, मनात भरणारे दोन्ही अधिकारी, कुरिबायाशी आणि निशी, अमेरिका बघून आलेले आणि कट्टर अधिकारी मात्र वरवरचे, त्यांच्याही डोक्यात थोडं शिरायला हवं होतं.

दोन्ही बाजू एकाच पिक्चरमध्ये हव्या असतील तर 1970 चा 'तोरा! तोरा! तोरा!' आहे, पर्ल हार्बर या अमेरिकन तळावरच्या जपानी हल्ल्याचा. अमेरिकन भाग रिचर्ड फ्लायशरचा, जपानी भाग मासुदा आणि फुकासाकूचा. हल्ला कसा ठरला, रडारवर विमानं दिसूनही कोणी मनावर का घेतलं नाही हे यात नीट कळतं, पण पहिला अर्धा भाग बैठका आणि तारांचाच आहे आणि माणूस म्हणून कोणी लक्षात राहत नाही. फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या लढाईवरच्या 'द लाँगेस्ट डे' (1962) चंही तसंच, जर्मन जर्मनमध्ये बोलतात हे फार आवडलं पण पात्रं इतकी की कोणाशी नाळच जुळत नाही.

लेटर्स जपानीतच बघा, सबटायटल लावून, डब केलेला नको. आणि घरी लहान मुलं असतील तर ती झोपल्यावर लावा, कारण गुहेत सैनिक एकेक करून स्वतःच्या अंगाशी हातबॉम्ब फोडतात तो सीन मोठ्यांनाही जड जातो.